काटा रुतल्याची वार्ता : श्वेतपेशींना वाट कोण दाखवते?

नखाच्या कडेची सालपटे दाताने ओढण्याची सवय शाळकरी वयात पुष्कळांना असते. एखाद्या दिवशी त्या जागी बारीकशी चीर पडते, दुसऱ्या दिवशी नखाची कड लाल होते, सुजते, स्पर्शाला ऊन लागते आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर बोट ठणकू लागते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्वचेखाली पिवळसर पू दिसू लागतो. याला आपल्याकडे नखुरडे म्हणतात. वसतिगृहात वाढलेल्या कोणालाही त्याचे वर्णन करून सांगण्याची आवश्यकता नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सेल्सस या रोमन लेखकाने नेमकी हीच चार लक्षणे नोंदवून ठेवली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. या अवस्थेला वैद्यक दाह म्हणते. काही मराठी ग्रंथांत शोथ हा शब्दही योजलेला आढळतो.

ही चारही लक्षणे म्हणजेच रोग, असा आपला सर्वसाधारण समज असतो. सूज उतरली पाहिजे, लाली गेली पाहिजे, ठणका थांबला पाहिजे, एवढेच आपल्याला हवे असते. वस्तुतः यांतील प्रत्येक लक्षण शरीराने स्वतः घडवून आणलेले असते, आणि ते घडवून आणण्यामागे मुख्यतः एकच प्रयोजन असते : रक्तातून वाहत जाणाऱ्या श्वेतपेशींना नेमक्या त्या जागी उतरवून घेणे. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने विज्ञानविषयक लेख मागितला तेव्हा हा विषय निवडण्याचे कारण असे की, दाह दडपणारी औषधे आज कोपऱ्यावरच्या दुकानात सहज मिळतात. पण आपण नेमके काय दडपतो आहोत, हे सांगणारे फारसे कोणी भेटत नाही.

बोटाच्या टोकाला पडलेली चीर केसाएवढी. श्वेतपेशी मात्र त्या क्षणी यकृतात, पायाच्या पोटरीत, कोठेही वाहत असू शकते. तिला डोळे नाहीत, कान नाहीत, मज्जातंतू नाहीत. मग तिला हे ठिकाण कळते कसे?

या प्रश्नाचा प्रारंभ इटलीतील सिसिली बेटावर, मेसिना या गावी झाला. १८८२ साली इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ तेथे तारामाशाच्या अळ्यांचा अभ्यास करीत होता. या अळ्या काचेसारख्या पारदर्शक असतात, त्यामुळे त्यांच्या शरीरात हिंडणाऱ्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत अवस्थेत पाहता येतात. घरची मंडळी सर्कस पाहायला गेली असताना त्याच्या मनात आले की, या पेशी जर शरीराचे रक्षण करीत असतील, तर बाहेरून काही घुसल्यावर त्यांनी तेथे धावून जायला हवे. बागेतील गुलाबाचे काटे आणून त्याने ते अळ्यांच्या त्वचेखाली खुपसले. दुसऱ्या दिवशी पहाटे काट्याभोवती त्या पेशींचा गराडा पडलेला होता. अळीला रक्तवाहिन्या नसतात; तरीही पेशी तेथवर पोहोचल्या होत्या. परक्या वस्तूला गिळणाऱ्या या पेशींना पुढे भक्षकपेशी हे नाव मिळाले आणि मेचनिकॉफला १९०८ साली पॉल एर्लिख याच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. त्या काळातील अनेक विद्वानांना मात्र ही कल्पना पटत नव्हती. श्वेतपेशीच जंतूंना अंगभर पसरवतात, असे मानणाराही एक वर्ग होता.

मेचनिकॉफचे नाव मुंबईकरांना परके वाटेल. परंतु त्याच्या एका विद्यार्थ्याचे नाव परळच्या एका दगडी इमारतीवर आहे. वाल्डेमार हाफकिन हा ओडेसा येथे मेचनिकॉफच्या हाताखाली प्राणिशास्त्र शिकला आणि पुढे त्याच्या मागोमाग पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेला. पटकीवरील लस घेऊन तो १८९३ साली भारतात आला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्णांना गाठीचा प्लेग झाल्याचे निदान डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी केले, त्यानंतर सरकारने हाफकिनला मुंबईस पाचारण केले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या तुटपुंज्या जागेत त्याने अवघ्या काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी सूज आली, वेदना झाल्या. म्हणजे उष्णतेने मारलेले जंतू शरीरात घालून त्याने दाहच ओढवून घेतला होता. पुढे १८९९ साली त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात गेली आणि १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली.

त्याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, पुण्यात सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले. मुंढव्याच्या वस्तीतील एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले होते, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. तो जंतू इतका घातक का ठरला, याचे उत्तर शंभर वर्षांनंतर मिळाले आणि ते आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. परंतु ते समजण्यासाठी आधी निरोगी शरीरात संकेत कसे जातात, ते पाहिले पाहिजे.

पायात काटा मोडला किंवा नखाशी चीर पडली की पहिली वार्ता रक्तातील नव्हे, तर त्या जागच्या रहिवासी पेशी देतात. त्वचेखालच्या ऊतींत महाभक्षकपेशी आणि मास्टपेशी कायम वस्तीला असतात. फाटलेल्या पेशींतून सांडलेला ऐवज आणि जंतूंच्या भिंतीवरील विशिष्ट रेणू त्यांच्या ग्राहींना, म्हणजे पेशीपटलावरील ओळखकेंद्रांना, लागले की त्या कामाला लागतात. मास्टपेशी हिस्टामिन सोडतात. काही मिनिटांतच जवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब येते. त्यांच्या भिंती सैल होऊन रक्तद्रव झिरपतो, म्हणून सूज येते. प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये वेदनावाहक मज्जातंतूंना हळवे करतात, म्हणून ठणका. ॲस्पिरिन या द्रव्यांची निर्मिती रोखते, हे जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवले. सेल्ससची चारही लक्षणे येथे जमेस धरली गेली. श्वेतपेशी मात्र अद्याप आलेली नाही.

तिला थांबवणे हेच मोठे अवघड काम आहे. रक्ताचा प्रवाह वेगवान असतो. घाटकोपर स्थानकावर संध्याकाळच्या जलद गाडीतून उतरणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको : उतरायचे असेल तर कुर्ल्यापासूनच दाराकडे सरकावे लागते, मध्येच उभे राहून चालत नाही. श्वेतपेशीचेही तसेच. महाभक्षकपेशींनी सोडलेली टीएनएफ व इंटरल्युकिन-१ ही संदेशद्रव्ये जवळच्या बारीक रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला जागे करतात आणि ते अस्तर आपल्या पृष्ठभागावर सिलेक्टिन नावाचे चिकट रेणू बाहेर काढते. यांपैकी एक प्रकार पेशीत आधीच साठवून ठेवलेला असतो, तो मिनिटांत वर येतो. दुसरा नव्याने घडवावा लागतो, त्याला काही तास लागतात. श्वेतपेशीच्या अंगावर शर्करेच्या साखळ्या असतात. त्या सिलेक्टिनला क्षणभर अडकतात, सुटतात, पुन्हा अडकतात. परिणामी श्वेतपेशी प्रवाहातून बाजूला येऊन वाहिनीच्या भिंतीवरून गडगडत जाऊ लागते. तिचा वेग रक्ताच्या वेगापेक्षा कित्येक पटींनी कमी झालेला असतो. (गाडीची उपमा येथेच संपते; घाटकोपरचा फलाट अजून तरी प्रवाशांना पकडून ठेवत नाही.)

गडगडणे म्हणजे थांबणे नव्हे. थांबण्यासाठी आणखी एक संकेत लागतो. वाहिनीच्या भिंतीवर केमोकाइन जातीचे रेणू चिकटवून ठेवलेले असतात. त्यांतील इंटरल्युकिन-८ हा १९८७ साली सापडला आणि आज सर्वाधिक अभ्यासला गेलेला आहे. तो भिंतीवर का चिकटवावा? रक्तात मोकळा सोडला तर तो वाहून जाईल आणि भलत्याच ठिकाणी श्वेतपेशींना थांबवील. गडगडणाऱ्या पेशीला तो लागला की तिच्या पटलावरचे इंटिग्रिन नावाचे रेणू, जे एरवी मिटलेल्या चाकूसारखे दुमडलेले असतात, ते सेकंदाच्या आत ताठ उघडतात आणि भिंतीवरील जोडीदार रेणूला घट्ट धरतात. पेशी थांबते, पसरट होते आणि अस्तराच्या दोन पेशींमधील सांध्यातून अंग चोरून बाहेर पडते. युलियस कोनहाइम या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने बेडकाच्या पारदर्शक पडद्यात हे बाहेर पडणे १८६७ साली प्रत्यक्ष पाहिले होते. रेणूंची नावे कळायला त्यानंतर सव्वाशे वर्षे लागली.

रक्ताच्या तपासणी अहवालात ज्यांना न्यूट्रोफिल किंवा पॉलिमॉर्फ म्हणतात, त्याच या पहिल्या फळीच्या पेशी. प्रौढ व्यक्तीत एका मायक्रोलिटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० श्वेतपेशी असतात आणि त्यांतील निम्म्याहून अधिक सहसा न्यूट्रोफिल असतात. अस्थिमज्जा दररोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल घडवते. एवढा खर्च शरीर उगाच करीत नाही. या पेशी अल्पायुषी आहेत आणि त्यांतील बहुसंख्य कधीही कोणत्या जखमेपर्यंत न जाता नष्ट होतात.

आता मुख्य प्रश्न. वाहिनीबाहेर पडल्यावर पेशीसमोर ऊतींचे घनदाट रान असते. जखम काही मिलिमीटर दूर असू शकते आणि पेशीचे स्वतःचे अंग जेमतेम एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे. दिशा कोणती धरायची? रसायनाच्या मागावर पेशी जाते, या क्रियेला रसायनानुचलन म्हणतात. थिओडोर लेबर या नेत्रवैद्याने १८८८ साली सशाच्या बुबुळात श्वेतपेशी बुरशीने सोडलेल्या द्रव्यांच्या दिशेने जातात, हे दाखवून हा शब्द श्वेतपेशींना प्रथम लावला.

जखमेपाशी रसायन सर्वांत दाट असते आणि जसजसे दूर जावे तसतसे ते विरळ होत जाते. असल्फाच्या चढावरील गल्लीत वडे तळले जात असतील, तर वासाच्या आधारे माणूस गाडीपर्यंत पोहोचतो. पण तो चार पावले टाकतो, वास वाढला की कमी झाला हे ताडतो आणि मग वळतो. पाण्यात पोहणारे जीवाणू साधारण याच रीतीने, आधीच्या क्षणाशी तुलना करून दिशा शोधतात. न्यूट्रोफिल तसे करीत नाही. ती एकाच क्षणी आपल्या अंगाच्या दोन बाजूंची तुलना करते. तिच्या पटलावर सर्व बाजूंना हजारो ग्राही असतात. ज्या बाजूला थोडे अधिक रेणू लागतात ती बाजू पुढची ठरते. हा फरक किती सूक्ष्म असावा? सॅली झिगमंड यांनी १९७७ साली मोजून दाखवले की, दोन बाजूंमध्ये सुमारे एक टक्क्याचा फरक असला तरी पेशीला दिशा कळते. शंभर रेणू एकीकडे आणि नव्याण्णव दुसरीकडे, अशी ही पारख.

हा सूक्ष्म फरक पेशीच्या आत मोठा केला जातो. पुढच्या बाजूला ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू भराभर जुळतात आणि पटल पंख्यासारखे पुढे लोटतात. मागच्या बाजूला मायोसिन, तेच जे आपल्या स्नायूंत असते, आकुंचन पावून शेपटी ओढून घेते. पुढची बाजू मागचीला ‘तू पुढे होऊ नकोस’ आणि मागची पुढचीला ‘तू मागे राहू नकोस’ असे सतत बजावत असते, म्हणून पेशीला दोन तोंडे फुटत नाहीत. मिनिटाला दहा ते वीस मायक्रोमीटर हा तिचा सर्वसाधारण वेग. अमेरिकेतील डेव्हिड रॉजर्स यांनी १९५० च्या दशकात घेतलेली एक छोटी चित्रफीत आजही वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला दाखवतात : तांबड्या पेशींच्या गर्दीतून वाट काढत एक न्यूट्रोफिल जंतूच्या इवल्याशा पुंजक्याचा पाठलाग करते, तो वळला की वळते आणि अखेर त्याला गिळते. ती पाहिल्यावर त्या पेशीला मन नाही, यावर विश्वास ठेवणे अवघड जाते. तरीही तिथे आहे तो केवळ एका टक्क्याचा हिशेब.

जखमेकडे बोलावणारी रसायने एकाच प्रकारची नाहीत. जीवाणूंच्या प्रथिनांचा आरंभ फॉर्मिल हा गट जोडलेल्या अमिनो आम्लाने होतो. आपल्या पेशींच्या प्रथिनांचा तसा होत नाही. त्यामुळे फॉर्मिल असलेले तुकडे म्हणजे जीवाणू येथे आहेत, याचा पक्का पुरावा. याला एक विलक्षण अपवाद आहे. आपल्या पेशींतील ऊर्जाघरे, म्हणजे मायटोकाँड्रिया, ही अतिप्राचीन काळी पेशीत शिरून राहिलेल्या जीवाणूंचीच वंशज असल्यामुळे त्यांच्या प्रथिनांवरही हीच खूण असते. म्हणून नुसत्या मुकामाराने पेशी फुटल्या, जंतू अजिबात नसले, तरी सूज येते आणि न्यूट्रोफिल धावून येतात. रक्तातील पूरक प्रथिने जंतूंवर बसून फुटतात आणि त्यांचा सी-५ए हा तुकडा दुसरे बोलावणे ठरतो. तिसरे, न्यूट्रोफिल स्वतःच सोडतात ते ल्युकोट्राइन बी-४ : आधी पोहोचलेली पेशी मागच्यांना हाक घालते. झेब्राफिश हा आपल्याच देशातील नद्यांत आढळणारा बोटाएवढा मासा. त्याच्या पारदर्शक पिल्लांत २००९ साली असेही दिसले की, जखमेच्या कडेवर काही मिनिटांत हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि ते श्वेतपेशींना पहिली वार्ता देते.

इतके संकेत एकाच वेळी आले तर पेशी गोंधळत का नाही? तिच्याकडे क्रम लावलेला असतो. इंटरल्युकिन-८ किंवा ल्युकोट्राइन हे वाटेवरचे फलक. फॉर्मिल तुकडे आणि सी-५ए हे मुक्कामाचे. दोन्ही समोर आले, तर पेशी वाटेवरच्या फलकांकडे दुर्लक्ष करून मुक्कामाकडे वळते.

आता प्लेगकडे परत जाऊ. पिसू चावल्यावर त्वचेत शिरलेला हा जंतू दोन युक्त्या करतो. शरीराच्या ३७ अंश तापमानात तो आपल्या भिंतीवरील एक रेणू अशा रूपात बदलतो की, रहिवासी पेशींच्या ग्राहींना तो जवळपास जाणवतच नाही. म्हणजे पहिली वार्ताच जात नाही. शिवाय त्याच्याजवळ सूक्ष्म सुईसारखी रचना असते. जवळ आलेल्या भक्षकपेशीत तो त्या सुईने काही प्रथिने टोचतो आणि ती प्रथिने पेशीचे गिळण्याचे काम व संदेश पाठवण्याचे काम, दोन्ही बंद पाडतात. तोवर जंतू लसिकावाहिन्यांतून जांघेतील किंवा काखेतील गाठीपर्यंत पोहोचून अमर्याद वाढलेला असतो. पायाला जखम झाल्यावर जांघेत अवधाण येते, ती शरीराची वेळेवर उमटलेली प्रतिक्रिया. प्लेगची गाठ म्हणजे तीच प्रतिक्रिया, परंतु फार उशिराने आणि मग एकदम आलेली. संकेत दाबला गेला की काय होते, याचे याहून भीषण उदाहरण मला ठाऊक नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यातील मामला गावात हा रोग पुन्हा दिसला, तेव्हा प्रतिजैविके हाताशी होती; १८९७ साली ती नव्हती.

संकेत दाबणे हे नेहमीच वाईट, असे मात्र नाही. कोविडच्या काळात ‘सायटोकाइनचे वादळ’ हा शब्द घरोघरी पोहोचला. फुप्फुसात इतके संकेत सुटतात की श्वेतपेशींच्या लोंढ्यानेच श्वास कोंडतो. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील मोठ्या चाचणीतून दिसले की, कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टिरॉइडने मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. त्याच चाचणीत, ज्यांना प्राणवायूची गरजच लागली नव्हती, त्यांना या औषधाचा लाभ झाला नाही. हे दुसरे वाक्य लोकांपर्यंत पोहोचलेच नाही, आणि घराघरांत साध्या तापावर स्टिरॉइडच्या गोळ्या घेतल्या गेल्या.

याचाच रोजचा आणि अधिक व्यापक प्रकार म्हणजे नायट्यावरील मलमे. गजकर्ण किंवा नायटा हा बुरशीचा संसर्ग आहे. दमट हवा, एकमेकांचे टॉवेल, न वाळलेले कपडे यांमुळे तो पावसाळ्यात वसतिगृहांत आणि दाट वस्त्यांत हमखास पसरतो. बाजारात मिळणाऱ्या अनेक मलमांत बुरशीनाशकासोबत तीव्र स्टिरॉइड मिसळलेले असते. ते लावल्यावर दोन दिवसांत खाज व लाली जाते, कारण स्टिरॉइडने त्वचेतील संकेतच बंद केलेले असतात. श्वेतपेशी येत नाहीत आणि बुरशी विनासायास पसरत राहते. मलम थांबवले की नायटा दुप्पट आकाराने परत येतो, तेही असा रूप पालटून की त्वचारोगतज्ज्ञालाही तो चटकन ओळखता येत नाही. या मिश्रणांच्या विक्रीला आपण समाज म्हणून फार सौम्यपणे घेतले, असे माझे स्पष्ट मत आहे. मलमाच्या नळीवर क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन हे शब्द दिसले, तर ते डॉक्टरांना विचारल्यावाचून मुलांच्या अंगाला लावू नये.

मधुमेह हाही याच साखळीत अडथळा आणतो. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली असली की न्यूट्रोफिलांची चाल मंदावते. पायाची जखम चिघळण्यामागे हे एक कारण असते. घरात मधुमेही वडीलधारे असतील, तर रोज रात्री त्यांचे तळपाय पाहणे, हे साखर मोजण्याइतकेच आवश्यक आहे.

संकेत संपतात कसे, हाही एक प्रश्न आहे. पूर्वी असे मानीत की, जंतू संपले की रसायने आपोआप विरून जातात. तसे नाही. ज्या मेदद्रव्यांपासून ल्युकोट्राइन बनते, त्यांच्यापासूनच काही तासांनी लिपॉक्सिन बनू लागतात आणि ती न्यूट्रोफिलांना ‘आता येऊ नका’ असे कळवतात. मागाहून आलेल्या महाभक्षकपेशी मेलेल्या न्यूट्रोफिलांना गिळून टाकतात. पू म्हणजे मुख्यतः गिळायच्या उरलेल्या याच मृत पेशी. त्याची हिरवट झाक त्यांच्यातील एका विकराच्या रंगामुळे येते. म्हणून फोड दाबून पिळू नये : बाहेर येतो त्याहून अधिक ऐवज आत पसरतो. गरम पाण्याचा शेक मात्र हरकत नाही, त्याने रक्तपुरवठा वाढतो.

शेवटी पू न होणाऱ्या मुलांविषयी. ऐकायला हे वरदान वाटेल. काही अर्भकांना जन्मतःच एक दोष असतो : श्वेतपेशींवरचे इंटिग्रिन ज्याच्यावाचून घडत नाही, ते सीडी-१८ हे प्रथिन नसते किंवा अत्यल्प असते. संकेत जातात, पेशी गडगडतात, पण थांबू शकत नाहीत. रक्तातच फिरत राहतात. अशा बाळाच्या रक्तात श्वेतपेशींची संख्या ३०,००० च्याही वर असते आणि जखमेत मात्र एकही नसते. पहिली खूण बहुधा नाळ देते. बाळाची नाळ साधारणतः एक-दोन आठवड्यांत गळून पडते, कारण तिला सोडवण्याचे कामही श्वेतपेशी करतात. या बाळांची नाळ तीन-चार आठवडे उलटले तरी गळत नाही, बेंबीपाशी संसर्ग होतो, पण पू धरत नाही. हा दोष आई व वडील या दोघांकडून एकेक जनुक आल्यावरच प्रकट होतो. मामाच्या मुलीशी वा आतेभावाशी विवाह करण्याची आपल्याकडील प्रथा ही शक्यता वाढवते. अशा विवाहातून जन्मलेल्या बाळाची नाळ लांबली आणि घराण्यात आधी एखादे मूल वारंवार संसर्ग होऊन दगावले असेल, तर ‘थोडी वाट पाहू’ असे म्हणू नये.

या दोषाचा दुसरा, आणखी दुर्मीळ प्रकार मुंबईच्या नावाशी विचित्र रीतीने जोडला गेलेला आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मुंबईतील काही व्यक्तींच्या रक्तात ए, बी तर नाहीच, पण ओ गटातही असणारे एच द्रव्यही नाही, असे कळवले. हाच ‘बॉम्बे रक्तगट’. एच द्रव्य घडवायला फ्युकोज नावाची शर्करा लागते. पुढे १९९२ साली इस्रायलमधील दोन मुलांत बॉम्बे रक्तगट, वारंवार संसर्ग आणि पूचा अभाव हे सारे एकत्र आढळले. त्यांच्या पेशींत फ्युकोज योग्य जागी पोहोचतच नव्हते. त्यामुळे एच द्रव्यही नाही आणि श्वेतपेशींच्या अंगावरील, सिलेक्टिनला अडकणाऱ्या शर्करेच्या साखळ्याही नाहीत. पेशी गडगडूच शकत नव्हत्या. अशा काही मुलांना तोंडावाटे फ्युकोज दिल्यावर सुधारणा दिसली. येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. मुंबईत सामान्यतः आढळणाऱ्या बॉम्बे रक्तगटाच्या व्यक्तींत केवळ एच द्रव्य घडवणारे जनुक बिघडलेले असते. त्यांच्या श्वेतपेशी उत्तम चालतात. त्यांना अडचण येते ती फक्त रक्त चढवताना, कारण त्यांना त्याच गटाचे रक्त लागते.

पहिल्या प्रकारच्या दोषाचे निदान परळलाच होते. के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही संस्था आहे. १९५७ साली ती रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून सुरू झाली. तेथे बाळाच्या थोड्याशा रक्तातील श्वेतपेशींना सीडी-१८ ओळखणारी, प्रकाशणारी प्रतिद्रव्ये लावतात आणि लेसरच्या झोतापुढून एकेक पेशी नेऊन तिच्यावर हे प्रथिन किती आहे ते मोजतात. तीव्र दोष असलेल्या बाळावर खात्रीचा इलाज अस्थिमज्जा प्रत्यारोपण हाच आहे. जुळणारे भावंड असेल तर यशाची शक्यता वाढते. प्रत्यारोपण रुजले, तर दात्याच्या मज्जेतून येणाऱ्या नव्या श्वेतपेशींवर सीडी-१८ असते आणि त्या वाहिनीच्या भिंतीला धरून थांबू शकतात.